हत्यार, पाटी आणि यंत्रमानव

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपून मंडळी फराळास बसली म्हणजे गेली काही वर्षे एक प्रश्न आम्हांस हमखास विचारला जातो. मुलाच्या शाळेत ‘रोबोटिक्स’चा वर्ग निघाला आहे, फी बरीच आहे, तेव्हा त्यास त्या वर्गात घालावे की न घालावे? कोणी म्हणतात, हे शहरी श्रीमंतांचे खूळ आहे. कोणी म्हणतात, आज घातले नाही तर मूल मागे पडेल. दोन्ही पक्षांची मते ऐकून घेताना आम्हांस असे वाटत आले आहे की, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहणे अगत्याचे आहे. माध्यमिक शाळेतील मुलांच्या हाती हत्यार द्यावे, त्यांस आराखडा काढावयास शिकवावे आणि यंत्राचे मर्म समजावून सांगावे, हा विचार कालपरवाचा नव्हे. आपल्या प्रांतात तो सुमारे पावणेदोनशे वर्षे या ना त्या रूपाने चालत आलेला आहे. ज्यांच्या घराण्यांत रंधा, भाता आणि ऐरण पिढ्यानुपिढ्या नांदली, त्या आपल्या कुटुंबांस तर हा इतिहास परका मुळीच नाही.

पडवीतील शाळा

आपल्या पूर्वजांची शाळा म्हणजे घराची पडवी. सातआठ वर्षांचा मुलगा भाता ओढण्यापासून आरंभ करी. पुढे त्याच्या हाती वाकस येई, मग करवत, मग पटाशी आणि सर्वांत शेवटी रंधा. शिकविणारा बाप किंवा चुलता फारसे बोलत नसे. मुलाने पाहावे, चुकावे, बोलणी खावी आणि पुन्हा करावे, हाच त्या शाळेचा अभ्यासक्रम होता.

त्या पडवीत तयार होणाऱ्या एका वस्तूचाच विचार करून पाहा. पेरणीची तिफण आपण सर्वांनी पाहिलेली आहे. वर लाकडाचे चाडे, त्याच्या तळाशी तीन भोके, त्यांतून निघालेल्या तीन पोकळ नळ्या आणि खाली तीन दाते. पेरणारा मूठभर बी चाड्यात सोडीत जातो आणि ते तिन्ही तासांत सारखे पडते. दोन दात्यांत अंतर किती ठेवावयाचे, हे पीक आणि जमीन पाहून ठरवावे लागे. बैलाची ताकद, लाकडाचे वजन, मातीचा चिकटपणा आणि पेरणाऱ्याच्या हाताची उंची ह्या सर्वांचा मेळ घालूनच सुतारास ते अवजार सिद्ध करता येई. आज ज्यास ‘डिझाइन’ म्हणतात ते याहून निराळे काय आहे?

परंतु त्या शाळेचे दोषही आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. तिच्यात ‘कसे’ शिकविले जाई. ‘का’ हे क्वचितच सांगितले जाई. जाणत्याचे ज्ञान लिहून ठेवलेले नसे, त्यामुळे ते पुष्कळदा त्याच्याबरोबरच चितेवर जाई. प्रवेश जन्मावर ठरे. दुसऱ्याच्या मुलास त्या पडवीत जागा नव्हती आणि आपल्याच घरच्या मुलींसही नव्हती. मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते. ते पदरी पडेतो किती आर्जवे करावी लागत, हे वडीलधाऱ्यांस विचारावे. शिवाय अंमलदाराने बोलावले की वेठीस जावे लागे ते निराळेच. ह्या सर्वांतून सुटण्याचा एकच मार्ग आपल्या वाडवडिलांस दिसला. त्यांनी मुलाच्या हातातील रंधा काढून घेतला आणि तेथे पाटी दिली. त्यांस दोष देण्याचे धाष्टर्य आम्ही करणार नाही, कारण त्याच पाटीच्या बळावर आम्ही ह्या ओळी लिहीत आहो.

तथापि एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. गुण्या म्हणजे काय हे आम्हांस शाळेत जाण्यापूर्वी ठाऊक होते, कारण तो घरात खुंटीला टांगलेला असे. पुढे शाळेत काटकोन आला, त्याची व्याख्या आम्ही तोंडपाठ केली, आणि गुण्याचा व काटकोनाचा काही संबंध आहे हे कित्येक वर्षे आमच्या ध्यानातच आले नाही. मास्तरांनी गुण्याचे नाव काढले नाही आणि वडिलांनी काटकोनाचे काढले नाही. पडवी आणि शाळा एकाच गल्लीत होत्या. पण त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. पुढील सर्व इतिहास ह्या अबोल्याचा आहे असे म्हटले तरी चालेल.

सरकारी आरंभ

१८५४ साली पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा निघाली. रस्ते, पूल आणि पाटबंधारे ह्यांच्या कामांवर सरकारास दुय्यम दर्जाची माणसे हवी होती, ती तयार करणे हा तिचा हेतू. ह्याच रोपट्याचे पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. तीन वर्षांनी, १८५७ साली, सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगीतून मुंबईस कलाशाळा सुरू झाली. चित्रकलेबरोबरच देशी कारागिरीस उत्तेजन देणे हाही तिच्या उद्देशांपैकी एक होता. मुंबईतच १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आज ती वीरमाता जिजाबाई ह्यांच्या नावाने ओळखली जाते.

माध्यमिक शाळांच्या बाबतीत महत्त्वाचे वर्ष १८८२ हे होय. त्या साली नेमलेल्या हंटर आयोगाने अशी शिफारस केली की, हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी आणि दुसरी व्यवहारोपयोगी. सूचना चांगली होती. परंतु त्या दुसऱ्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. पहिल्या वाटेच्या शेवटी सरकारी नोकरी होती आणि प्रतिष्ठा होती. दुसरी वाट ज्यांस पहिली झेपत नाही त्यांच्यासाठी आहे, अशी समजूत जी पालकांच्या मनात बसली, ती अद्यापि पुरती गेलेली नाही. ‘मुलगा अभ्यासात कच्चा आहे, टेक्निकलला घाला’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही?

बडोद्याचे कलाभवन आणि एक ड्रॉइंगमास्तर

ह्या समजुतीस छेद देणारे पहिले ठळक उदाहरण बडोद्यास घडले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली तेथे कलाभवन स्थापन झाले आणि त्याची धुरा प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांच्याकडे आली. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. पण जन्माने सुरतेच्या सुतार घराण्यातले. आपल्या ज्ञातिबांधवांनी हे नाव विसरू नये. त्यांचा आग्रह असा की, धंद्याचे शिक्षण मुलास त्याच्या भाषेतून मिळावे आणि शास्त्र व हातकाम ह्यांची फारकत होऊ नये. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम व आलेखन असे विषय तेथे शेजारी शेजारी शिकविले जात. मुंबईच्या कलाशाळेतून बडोद्यास कलाभवनात गेलेल्या एका नाशिककर तरुणाने पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. दादासाहेब फाळके ह्यांस चित्र, रसायन आणि यंत्र ह्या तिन्हींत गती होती. अशा माणसाचे बीज अशाच शाळेत रुजावे हे स्वाभाविक होय.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. तेही मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी. रंग ओळखण्यात डोळा कमी पडतो असे आढळून आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक आलेखन धरले. त्याच विषयाचे शिक्षक म्हणून ते व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत लागले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावी गेले. तेथे त्यांनी सायकली विकल्या, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला. १९१० साली औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कागदावर रेघ ओढणारा आणि लोखंड ओतणारा माणूस एकच असला म्हणजे काय होऊ शकते, ते त्या माळाने दाखविले.

तीन योजना, तीन निराशा

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि स्वातंत्र्यानंतर हाच विचार मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी नयी तालीम मांडली. डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम रचला. हस्तोद्योग हा शिक्षणाचा एक तास नसून शिक्षणाचे माध्यमच असावे, गणित आणि विज्ञान त्याच्याच आधाराने शिकवावे, असा तो क्रांतिकारक विचार होता. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला.

ह्या तिन्ही योजना उदात्त होत्या. व्यवहारात त्या का कोमेजल्या? आमच्या मते कारणे दोन. एक म्हणजे, शिकविणाऱ्यास स्वतः काम येत नसे आणि ज्यास काम येत असे त्यास शाळेत पाऊल ठेवण्याचा अधिकार नसे, कारण त्याच्यापाशी पदवी नव्हती. दुसरे म्हणजे, परीक्षेत कामाचे मोल होत नसे. मग मूलोद्योगाचा तास टकळीवर सूत काढण्यात संपे आणि त्या सुताचे गणित कधी मांडलेच जात नसे. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी घडीचे पाकीट करावे, मास्तरांनी गुण मांडावेत आणि पाकीट कपाटात जावे, असे चित्र कित्येक शाळांतून दिसू लागले.

तांत्रिक विद्यालयांची गोष्ट मात्र थोडी वेगळी सांगितली पाहिजे. जिल्ह्याच्या गावी असलेल्या ह्या सरकारी विद्यालयांत आसपासच्या हायस्कुलांतील आठवी ते दहावीची मुले ठराविक तासांना जात. कानस धरणे, खाचसांधा बसविणे आणि आलेखन हे तेथे खरोखरीचे होते. आपल्या ज्ञातीतील जे आज कारखानदार किंवा अभियंते म्हणून मिरवतात, त्यांपैकी कित्येकांस पहिली गोडी तेथेच लागली हे ते स्वतःच सांगतात.

पाबळची वाट

हा अबोला मोडण्याचा एक जिद्दीचा प्रयोग १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ ह्या अवर्षणग्रस्त गावी सुरू झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील वर्षानुवर्षांचे काम संपवून ते माळरानावर राहावयास आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांची मांडणी सरळ होती. मूल जगात येताच हातांनी शिकू लागते. शाळा ते थांबविते. ते पुन्हा सुरू करावे. शिक्षणास निरुपयोगी ठरलेली मुले काम करू लागली की शिकू लागतात, हा त्यांचा अनुभव.

आश्रमाने हायस्कुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम सिद्ध केला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस काम करतात. त्याचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाक करतात. मुले जे करतात ते गावाच्या उपयोगी पडेल असेच असते. कोणाच्या दाराची जाळी, कोणाची पाण्याची टाकी. मालाचा आणि मजुरीचा हिशेब मुलांनीच मांडावयाचा. शिकविणारा बहुधा जवळपासचाच हुन्नरी माणूस. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने ह्या अभ्यासक्रमास मान्यता दिली, हे त्याचे मोठे यश होय. २००२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेने ‘फॅब लॅब’ नावाची जी अद्ययावत कार्यशाळांची कल्पना काढली, त्या मालिकेतील स्वतःच्या आवाराबाहेरची आरंभीची कार्यशाळा तिने ह्याच पाबळमध्ये उघडली. संगणकाच्या आज्ञेने कापणारी यंत्रे कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांच्या गावी आली आणि गावच्या मुलांनी ती चालविली. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. काम चालू आहे.

यंत्रमानव म्हणजे काय?

आता रोबोकडे वळू. हा शब्द झेक भाषेतील. कारेल चापेक ह्या लेखकाने १९२० साली लिहिलेल्या एका नाटकातून तो जगभर पसरला, आणि त्या भाषेतील त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ आहे वेठ! ज्या वेठीच्या त्रासाने आपल्या वडिलांनी हत्यार खाली ठेवले, त्याच वेठीचे नाव आज मुलांच्या नव्या विषयास आहे. फरक एवढाच की, आता वेठ यंत्राने करावयाची आहे आणि ती कशी करावी हे मुलाने ठरवावयाचे आहे.

रोबोस माणसाचा आकार असावा लागतो ही गैरसमजूत आहे. त्याची अंगे तीन. एक ज्ञानेंद्रिय, म्हणजे उजेड, उष्णता, अंतर किंवा ओल जाणणारा सेन्सर. दुसरे कर्मेंद्रिय, म्हणजे मोटार किंवा झडप. आणि दोहोंच्या मध्ये, काय जाणवले असता काय करावयाचे हे ठरविणारा छोटा संगणक. वाफ्यातील माती कोरडी पडताच पंप चालू करणारे आणि ओली होताच बंद करणारे यंत्र हाही रोबोचाच भाऊबंद. पुण्यातून १८८३ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणावर पाणी वाढताच आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली बसविले. त्यांत संगणक नव्हता. परंतु ‘जाणावे आणि करावे’ हे तत्त्व तेच होते.

शाळकरी मुलांपर्यंत हा विषय नेण्याचे श्रेय अनेकांस आहे. सीमोर पॅपर्ट ह्यांच्या गटाने १९६७ साली अमेरिकेत ‘लोगो’ ही मुलांची संगणकभाषा केली आणि तिच्या आज्ञेने जमिनीवर रेघा ओढणारे यांत्रिक कासव चालविले. डीन केमन ह्या संशोधकाने १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. क्रिकेटपटूंस आपण देतो तसा मान तिकडे खेळाडूंस मिळतो. तो यंत्र घडविणाऱ्या मुलांसही मिळावा, ही त्यांची तळमळ. एम. आय. टी.चे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्यांस येऊन मिळाले. १९९२ साली न्यू हँपशरमधील एका हायस्कुलाच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. त्या स्पर्धांत एक शिस्त आहे : प्रतिस्पर्ध्याचे यंत्र मोडले तर आपली हत्यारे देऊन त्यास मदत करावयाची. पुढे २००५ साली इटलीत ‘अर्डुइनो’ ही स्वस्त विद्युत्पाटी निघाली, तिची रचना सर्वांस खुली ठेवली गेली, आणि श्रीमंतांचे खेळणे गरिबाच्या आटोक्यात आले.

आपल्या देशात २०१६ साली अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांतून प्रयोगशाळा काढण्यास आरंभ झाला. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या ह्या प्रयोगशाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्यावर, आणखी पन्नास हजार पाच वर्षांत काढण्याचा संकल्प २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर असे म्हटले आहे की, सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कसबी माणसांजवळ शिकावे. आणि त्या कसबी माणसांच्या यादीत पहिले नाव सुताराचे आहे.

आपण काय करावे?

हे वाचून कोणाची छाती अभिमानाने फुगेल. परंतु आम्हांस भीती वाटते ती निराळी. टकळीचे जे झाले आणि पाकिटाचे जे झाले, तेच रोबोचे होऊ शकते. खोक्यात तयार भाग येतात, चित्रे पाहून मूल ते जोडते, गाडी चालते, छायाचित्र निघते, प्रमाणपत्र मिळते आणि भाग पुन्हा खोक्यात जातात. ह्यात मुलाने ना काही योजिले, ना त्याचे काही बिघडले. हे शिक्षण नव्हे.

म्हणून वर्गात घालावे की न घालावे ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. पालकांनी एक दिवस त्या वर्गात जाऊन बसावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. काय करावयाचे हे मूल ठरविते काय? करण्यापूर्वी ते कागदावर रेखाटते काय? बिघडल्यास पुन्हा करण्यास त्यास वेळ मिळतो काय? आणि हे असे का झाले, हे त्यास आपल्या शब्दांत सांगता येते काय? होकार आला तर फी भरावी. नकार आला तर तेच पैसे पेचकस, पकड, सोल्डरिंगची लोखंडी आणि एक साधी विद्युत्पाटी ह्यांवर खर्चावेत आणि घरातील बंद पडलेला पंखा, विजेची जोडणी काढून, मुलापुढे ठेवावा.

ज्ञातीच्या कार्यकारिणीसही आमची नम्र विनंती आहे. दरसाल आपण गुणपत्रिका पाहून बक्षिसे देतो, ती द्यावीतच. त्यांत एक बक्षीस स्वतः योजून घडविलेल्या वस्तूसाठी असावे, आणि ते मुलींस व मुलांस सारखेच खुले असावे. सभागृहाची मागील खोली वर्षातील बरेच दिवस बंद असते. ती रविवारी उघडावी. आपल्यांत निवृत्त फिटर, टर्नर आणि सुतार आहेत, तसेच संगणकावर काम करणारी तरुण मंडळीही आहेत. दोघांनी एका बाकावर बसून मुलांस शिकवावे. त्या खोलीचे दार केवळ ज्ञातीपुरते नसावे. गल्लीतील कोणतेही मूल आत यावे. जन्मावर दार बंद ठेवण्याचे फळ आपण एकदा पाहिलेले आहे.

आमच्या घरचा तो गुण्या अद्याप आहे. गेल्या दिवाळीत आमच्या नातीने शाळेसाठी पुठ्ठ्याची एक चालती गाडी केली. एक चाक तिरके बसल्यामुळे ती सारखी डावीकडे वळत होती. प्रोग्राम तपासून तपासून ती रडकुंडीला आली. आम्ही खुंटीवरचा गुण्या काढून तिच्या हाती दिला. तिने तो आसाला लावला, मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाली, “आजोबा, हा तर काटकोन!” गाडी सरळ चालू लागली. जे आम्हांस समजण्यास इतकी वर्षे लागली, ते तिला नवव्या इयत्तेत समजले, ह्याचे समाधान आम्ही येथे नमूद करून ठेवतो.